अकरा घरटी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, माळावर पक्ष्यांची घरटी मोजायला पाठवलेल्या माझ्या चार विद्यार्थ्यांचे तक्ते माझ्या टेबलावर आले. तिघांच्या तक्त्यांत मिळून चार घरटी होती. चौथ्याच्या एकट्याच्या तक्त्यात अकरा. चौघंही बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, चौघांना एकाच दिवशी एकाच माळावर सारखंच शिकवलेलं, प्रत्येकाला एक किलोमीटरची एकेक पट्टी आखून दिलेली. एवढा फरक कशानं पडावा याचं मला एकच कारण सुचलं. तक्ता हातात धरून मी सगळ्यांसमोर विचारलं, "घरी बसून भरलास का रे हा?"

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला. नऊ दिवस.

त्या नऊ दिवसांच्या आगेमागे जे उलगडत गेलं ते इथं मांडतोय, मुलांना घेऊन रानात जाणाऱ्या प्राध्यापक मंडळींसाठी. मुलांची नावं आणि गावं दिलेली नाहीत. बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या पठारावरचं तालुक्याचं कॉलेज, एवढं पुरे.

नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणला. तो बहुतेक ठिकाणी कसा होतो हे आपण सगळे जाणतो. नायगाव मयूर अभयारण्यात एक दिवसाची सहल, दहा फोटो, इंटरनेटवरून उतरवलेली पंधरा पानं, स्पायरल बाइंडिंग, सही. मला तसं करायचं नव्हतं. खरी मोजणी, खरा प्रश्न, आणि जी मुलं आपण होऊन कधी हात वर करत नाहीत ती, अशी माझी कल्पना. आमच्याकडं प्रोजेक्टला पुढं येतात ती साधारण मोटारसायकल असलेली, पुण्याच्या काकांनी दुर्बीण दिलेली मुलं. मला दुसरी हवी होती. मिळाली ती अशी: तांड्यावरची एक मुलगी, जिचे आईवडील दरसाल कोयता घेऊन जातात, बौद्धवाड्यातली एक, आई अंगणवाडीत मदतनीस, बागवान गल्लीतला एक मुलगा, आणि गावाबाहेरच्या पारधी वस्तीवरचा एक. अकरा घरटीवाला तो.

त्याआधीच्या वर्षीचा माझा प्रयत्न फसला होता, तो सांगायला हवा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालत आलेली. पैठणला नाथसागरावर त्या दिवसांत रोहित, बदकं, चक्रवाक, सगळा मेळा. मी तेच निवडलं. नवख्यांना पाणपक्षी सोपे जातात, मोठे असतात, उघड्यावर बसतात. तांड्यावरच्या या मुलीनंच तेव्हा नाव दिलं होतं. दिवाळी झाली आणि ती दिसेना. माझ्या वहीत मी तिच्या नावापुढं 'रस नाही' असं लिहिलं. ती तेव्हा आईबापाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्याच्या फडात होती, धाकट्या भावंडांना सांभाळत, मोळ्या बांधत. गाळप हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. जानेवारीची गणना त्याच्या ऐन मध्यात येते. पक्ष्यांचा हंगाम ठरवला की कोणती मुलं पक्षी मोजणार हेही ठरून जातं, हे मला ती परत आल्यावर, तिच्या तोंडून नव्हे तर हजेरीपटावरून कळलं.

म्हणून दुसऱ्या वर्षी प्रश्नच बदलला. माळरानावर जमिनीवर घरटी करणारे पक्षी: टिटवी, माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल. टिटव्यांचा विणीचा काळ साधारण मार्चपासून पावसापर्यंत. तोवर टोळ्या परततात. अंडी जमिनीवर असतात, झाडावर चढायचं नाही, महागडी साधनं लागत नाहीत. प्रश्न साधा: गावाच्या गायरानावर आणि शेजारच्या वनखात्याच्या माळावर किती घरटी सापडतात आणि त्यातली किती टिकतात. गायरानावर शेळ्या-मेंढ्या फिरतात, वनखात्याच्या तुकड्यावर ग्लिरिसिडियाची लागवड झालेली. झाडं लावली म्हणजे निसर्ग सुधारला, असं सरसकट मानणाऱ्यांनी उघड्या माळावर जगणाऱ्या पक्ष्याला एकदा विचारून बघावं. पण तो वेगळा विषय.

पैशाचं थोडक्यात. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन १९८७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाच्या अनुभवासाठी विद्यावेतन देतं. आपल्याकडं 'अनुभव मिळतो ना' यावर काम चालतं, आणि ज्याला सुट्टीत रोजंदारीवर जायचं असतं त्याला फुकटचा अनुभव परवडत नाही. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचे पैसे कधी येतील याचा भरवसा नाही. आमच्या कॉलेजात 'कमवा आणि शिका'चे तास ग्रंथालयात पुस्तकं लावायला आणि बागेला पाणी घालायला मिळत. माळावरचे तासही त्यात धरावेत म्हणून मी तीन अर्ज केले, तिसरा मंजूर झाला. रक्कम किरकोळ. पण त्यामुळं घरी सांगायला एक गोष्ट झाली: कामाला जातो.

घरी सांगणं हा खरा घाट होता. तांड्यावर गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी बाज टाकली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, रानात आमचा जन्म गेला. पोरगी रानातून सुटावी म्हणून तर कॉलेजला घातली. तुम्ही तिला परत रानातच न्यायलात." मी आयुष्यभर रानाबद्दल ज्या सुरात बोलत आलो तो सूर त्या बाजेवर बसून काढणं शक्य नव्हतं. मी मराठा घरातला, चार एकर कोरडवाहू, पण नोकरीचा. माझ्यासाठी माळ म्हणजे पहाटेचा गारवा आणि चंडोलाचं गाणं. त्यांच्यासाठी उन्हातली पाठ. शेवटी त्यांची परवानगी मिळाली ती माझ्या बोलण्यानं नाही. आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम मुक्कामाला सोबत राहायला तयार झाल्या म्हणून मिळाली. मुक्काम करावा लागणारच होता, कारण पक्षी सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत बोलतात आणि पहिली एसटी सातनंतर येते. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन खोल्या मिळाल्या. त्यातल्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. कडी बसवली तेव्हा दोघी मुली आल्या. आमच्या प्रकल्पाचा पहिला खर्च दुर्बिणीवर नाही, कडी-कोयंड्यावर झालाय.

आता मूळ प्रसंगाकडं.

तो येईना, फोन उचलेना. चौथ्या दिवशी मी वस्तीवर गेलो. हातात फाइल, खाली मोटारसायकल. त्याची आई पालातून बाहेर आली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "साहेब, पोरानं काय केलं?"

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्यात पारधी होते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून 'विमुक्त' हा शब्द आला. हे मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तोंडपाठ सांगू शकतो. फाइल घेऊन दारात उभा राहिलेला माणूस म्हणजे काय, हे मात्र त्या एका वाक्यात कळलं. मुलगा घरात नव्हता, किंवा होता आणि बाहेर आला नाही. मी परतलो.

परतताना सुचलं की त्याची पट्टी आपण स्वतः चालून बघू. इतक्या दिवसांत मी ती पट्टी चाललो नव्हतो, हेही कबूल करतो. चारही पट्ट्या मी घरी संगणकावर उपग्रहाच्या नकाशावर आखल्या होत्या. सरळ, समांतर, देखण्या. त्याची पट्टी डांबरी रस्त्यापाशी सुरू व्हायची, पहिले चारशे मीटर दोन शेतांच्या मधल्या बांधानं जायची आणि मग माळाला लागायची. सुरुवात रस्त्यापाशी का? कारण मला तिथं गाडी लावता येत होती.

बांधावर दोनशे पावलं गेलो असेन, शेतातल्या आखाड्यावरून हाक आली. "या सर, चहा घ्या. काय शोधायलात?" चहा झाला. टिटवीची अंडी मोजतोय म्हटल्यावर हसले. मग आपणहून म्हणाले, "ते पारध्याचं पोरगं फिरत होतं इकडून, कागद घेऊन. हाकललं आम्ही. पाण्याच्या दोन मोटारी चोरीला गेल्यात ना इथल्या." माणूस वाईट नव्हता. त्यानं मला बिस्किटाचा पुडा फोडून दिला.

म्हणजे पहिल्याच दिवशी त्याला पट्टीवरून हुसकावलं होतं. पुढं तो वळसा घेऊन ओढ्यातून माळावर जायचा, बांधाचे चारशे मीटर सोडून द्यायचा, आणि राहिलेल्या मुरमाड तुकड्यावर दुप्पट वेळ काढायचा. सकाळी सव्वासहाला बांधावर दिसायचं नाही म्हणून उशिरा जायचा. तक्त्यात मात्र सुरुवातीची वेळ ६.१५ लिहायचा, कारण तक्त्यात ६.१५ हीच वेळ यायला हवी असं मी बजावलं होतं. मला का सांगितलं नाही, याचं उत्तर त्यानं पुढं एकदा दिलं: "सांगितलं असतं तर तुम्ही पत्र दिलं असतं."

मी खरंच पत्र दिलं असतं. लेटरहेडवर, शिक्का मारून. "पत्र वाचेपर्यंत कोण थांबतं, सर?"

त्याला परत आणलं तांड्यावरच्या मुलीनं, कसं ते दोघंही सांगत नाहीत. तो आला त्या दिवशी मी त्याच खोलीत, त्याच तिघांसमोर माझा प्रश्न मागं घेतला. केबिनमध्ये बोलावून माफी मागणं सोपं होतं. आरोप चारचौघांत केला होता. पण वेळा खोट्या लिहिल्या होत्या, तेही तसंच सोडून चालणार नव्हतं. दया म्हणून दुर्लक्ष करणं हा अपमानाचाच दुसरा प्रकार झाला असता. त्याच्या भावाच्या फोनमध्ये, फुटक्या काचेखाली, अकराही घरट्यांचे फोटो होते. मी ते कधी मागितलेच नव्हते. फोटोंवर खऱ्या वेळा होत्या. त्यानं तक्त्यातल्या प्रत्येक चुकीच्या वेळेवर एकच आडवी रेघ मारली, शेजारी खरी वेळ लिहिली, सही केली. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. हे काम त्यानं दोन तास केलं आणि बाकीचे तिघं बघत बसले. विदा कशी दुरुस्त करतात याचा त्याहून चांगला तास मी घेतलेला नाही.

फोटोंच्या वेळा बघून मी चक्रावलो. बहुतेक दुपारी पावणेबारा ते एक. एप्रिलमधल्या त्या उन्हात माळावर कोण जातं?

दुसऱ्या दिवशी तो आम्हाला पाझर तलावाकडं घेऊन गेला. तलाव म्हणजे तळाशी उरलेलं डबकं. बाभळीखाली बसवलं आणि म्हणाला, खाली बघू नका, पाण्याकडं बघा. अर्ध्या तासानं एक माळटिटवी आली. पाणी प्यायली नाही. काठावर पोट टेकून बसली, पिसं भिजवली, उठली, पुन्हा बसली. मग उडाली ती सरळ एका दिशेनं, जमिनीलगत. तो बोटानं तिचा माग काढत राहिला, उतरली तिथं थांबला. "आता चालेल. बघा." पक्षी वीसेक पावलं चालला, थबकला, आणि पाय दुमडून अंडी पोटाखाली घेतली. ओल्या पोटानं अंडी गार करत होता. उन्हाळ्यात टिटव्या पोटाची पिसं भिजवून असं करतात हे मी वाचलेलं होतं. त्याचा उपयोग घरटं शोधायला होतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. घरटं म्हणजे तरी काय, मुरमातला एक खळगा, कडेला खडे आणि शेळीच्या चार लेंड्या. चार अंडी, टोकं आत. सकाळी याच जागेवरून तांड्यावरची मुलगी दोनदा चालत गेली होती.

तिघांची चार घरटी हा आकडा खरा आणि याचा अकरा संशयास्पद, असं मी धरलं होतं. प्रत्यक्षात कमी पडणारा आकडा त्या तिघांचा होता. घरटी तिथंच होती, त्यांना दिसत नव्हती. हे तपासायची रीत शास्त्रात आहेच: दोन निरीक्षक एकाच पट्टीवर स्वतंत्रपणे नोंद करतात, एकाला दिसलं आणि दुसऱ्याला नाही असं किती वेळा झालं त्यावरून मुळात किती सुटलं असेल याचा अंदाज काढतात. तिसऱ्या वर्षाला मी ती शिकवतो. स्वतःच्या प्रकल्पात वापरायचं सुचलं नाही, कारण मुलावर संशय घेणं जास्त सोपं होतं.

त्याच्या अकरा घरट्यांचं करायचं काय, हा प्रश्न उरलाच. त्याचा चालण्याचा वेळ आणि वाट दोन्ही वेगळी, त्यामुळं 'दर हेक्टरी किती घरटी' या हिशेबात ती घेता येईनात. घेतली नाहीत. पण घरटी टिकतात किती, हा हिशेब वेगळा असतो. हॅरॉल्ड मेफील्ड यांनी १९६१ मध्ये मांडलेली पद्धत मुलांना मी अशी समजावली: घरटं कसं सापडलं ते सोडा, सापडल्यापासून किती दिवस नजरेखाली होतं ते मोजा. समजा सगळी मिळून १०० घरटे-दिवस भरले (दहा घरटी दहा-दहा दिवस बघितली की शंभर) आणि त्यात ४ घरटी उद्ध्वस्त झाली, तर घरटं एक दिवस टिकण्याची शक्यता ०.९६. टिटवीची अंडी उबायला सुमारे २८ दिवस लागतात. ०.९६ ला स्वतःनंच २८ वेळा गुणत जा, उत्तर ०.३२ च्या आसपास. बौद्धवाड्यातल्या मुलीनं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला आणि म्हणाली, "रोज शंभरात चारच जातात म्हटलं तर बरं वाटतं, सर. शेवटी तीनात एकच उरतं की." त्या दिवसापासून आकडेमोड तिच्याकडं.

अकरा घरट्यांवर नजर ठेवायचं काम चौघांनी वाटून घेतलं. खूण घरट्याजवळ नाही, दहा पावलं लांब, साधा दगड उलटा करून. काठी रोवली की कावळा तिच्यावर बसून खाली बघतो. रोज त्याच वाटेनं जायचं नाही.

इथं आणखी एक गाठ सुटली, जी मला दिसलीच नव्हती. पारधी वस्ती गायरानावर आहे. मराठवाड्यात गायरान म्हणजे नुसतं कुरण नाही, भूमिहीनांच्या दोन-तीन पिढ्यांचं भांडण आहे. दलित चळवळीतले कार्यकर्ते एकनाथ आवाड यांनी याच जिल्ह्यातून ते लढवलं. १४ एप्रिल १९९० पर्यंतचे कब्जे नियमित करायचा शासन निर्णय झाला, तरी कितीतरी जणांचे कागद अजून झालेले नाहीत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, आणि तेव्हापासून हातात यंत्र घेऊन माळावर फिरणारा प्रत्येक जण मोजणीवाला वाटतो. आमची मुलं मोबाइलवर जीपीएसचे आकडे टिपत वस्तीच्या आजूबाजूनं फिरत होती. त्या मुलाच्या चुलत्यानं त्याला विचारलं होतं, "तूच मोजून द्यायलास का आपली जागा?" शेतकऱ्याच्या लेखी तो चोर, वस्तीच्या लेखी तो तलाठ्याचा माणूस. आणि माझ्या लेखी आळशी.

घरट्यांची अचूक ठिकाणं आम्ही कुठल्याच खुल्या संकेतस्थळावर टाकली नाहीत. एक कारण पक्ष्यांचं, दुसरं वस्तीचं. अंडी गेली की संशय कुठं जाणार हे सांगायला नको. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि पारध्याचं नाव एका वाक्यात यायला वेळ लागत नाही.

काही गोष्टी बदलल्या. पट्ट्या आता मुलं स्वतः आखतात, आधी माळ चालून, आणि सुरुवात गायरानाच्या आत होते. जोडीनं चालतात. त्या बांधावरून मी त्याच्याबरोबर तीनदा गेलो, तिन्ही वेळा चहा झाला, दुसऱ्या वेळेपासून त्यालाही कप मिळाला. पहिल्या वेळी मिळाला नव्हता, ते मी पाहिलं आणि माझा चहा तसाच संपवला. का संपवला याचं उत्तर माझ्याकडं नाही. तक्ता इंग्रजीतून मराठीत केला. बूट घ्यायचे राहून गेले. कुसळीच्या गवतात चपला घालून फिरलेल्या पायांची काय गत होते ते कुसळं काढणाऱ्यालाच ठाऊक.

काही जमलं नाही. बागवान गल्लीतला मुलगा मेअखेरीला सोडून गेला, मामाच्या दुकानावर. त्याला अडवावं असं माझ्याकडं काही नव्हतं.

'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेच्या पोस्टरवरून मात्र वाद झाला, आणि चूक परत माझीच. मी शीर्षकाखाली उत्साहानं एक ओळ टाकली: 'पारधी समाजाच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे'. मला वाटलं, सन्मान होतोय. त्यानं ओळ वाचली आणि पेन मागितला.

"आमच्या घरात आजोबापासून कुणी फासा लावलेला नाही, सर. सातवीत शाळा सुटली तेव्हा दोन वर्षं दुसऱ्याच्या शेळ्या राखल्या मी. दुपारी तळ्यावर शेळ्या पाजायला न्यायचो. तिथं बसून बघितलं." ओळ खोडली. "माझं नाव टाका. समाजाचं नको."

पद्धतीच्या रकान्यात आता लिहिलंय: दुपारी पाणवठ्यावरून माग काढण्याची रीत, आणि पुढं त्याचं नाव. परीक्षकांनी विचारलं, ही रीत कुठल्या पुस्तकातली? तो म्हणाला, "माझी." नंबर आला नाही.

यंदाच्या तक्त्यात एक रकाना वाढवलाय: 'वाट बदलली का? कशामुळे?' हा रकाना त्याच्यासाठी केला असं मी समजत होतो. मार्चअखेरचे तक्ते बघतोय. त्याच्या तक्त्यात दोन नोंदी आहेत. तांड्यावरच्या मुलीच्या पाच: 'विहिरीवर माणसं बसलेली, लांबून गेले'; 'कुत्री'; 'एकटी होते म्हणून थांबले, जोडीदार आल्यावर पुढे'; बाकीच्या दोन अशाच. बौद्धवाड्यातलीच्या तीन, त्यातल्या एकीत फक्त 'देवळाकडून वाट' एवढंच. बागवान गल्लीतला परत आलाय, त्यानं लिहिलंय, 'दोघांनी थांबवून आधार कार्ड पाहिलं, २० मिनिटं गेली.' गेल्या वर्षी यातलं काहीच कुठल्या तक्त्यात नव्हतं.

पाचवी पट्टी यंदा मी चालतो. माझा तो रकाना कोरा आहे.